युरियाऐवजी लॉनला काय घालावं?

प्रश्न : पुण्यात बावधनला आमचं रो-हाऊस आहे. पुढच्या अंगणात सुमारे ५०० चौरस फुटांचं लॉन आहे, बिल्डरनेच लावून दिलेलं. माळी दर दीड-दोन महिन्यांनी ४०० ग्रॅम युरिया फेकून पाणी मारायचा. आता नात रांगायला लागली आहे, घरात लॅब्रेडॉर आहे आणि दोघांचा मुक्काम लॉनवरच असतो. म्हणून मार्चपासून युरिया बंद केला. तेव्हापासून गवत फिकट पडत चाललंय. रोपवाटिकांमध्ये विचारलं तर एकाने हाडांचा चुरा सांगितला, दुसऱ्याने एरंडीची पेंड, तिसरा म्हणाला टेम्पोभर शेणखत पसरा. आमचा माळी जीवामृतावर (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण) अडून बसलाय. यातलं नेमकं काय घ्यावं?
– एक निवृत्त वाचक, बावधन

उत्तर : घरात कुत्रा आहे हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, फार बरं केलंत. आधी तेवढंच सांगते : एरंडीची पेंड घरात आणू नका. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढलं तरी ते तेलात उतरत नाही, मागे पेंडीतच राहतं. कारखान्यात पेंड नीट तापवली असेल तर त्याचा जोर बराच मोडतो, पण ती तशी तापवली आहे की नाही हे पोत्याकडे बघून कोणालाच कळत नाही. कुत्र्यांना ती खावीशी वाटते आणि त्यातून ती दगावलेली आहेत. शेतात एरंडी पेंड उत्तम खत आहे, पण रांगतं मूल आणि लॅब्रेडॉर असलेल्या अंगणात तिला जागा नाही. रोपवाटिकेत नुसतं ‘पेंड द्या’ म्हणू नका. कशाची पेंड ते विचारा, आणि ‘मिक्स पेंड’ असेल तर घेऊ नका.

हाडांचा चुराही नको. त्याच्या वासाने कुत्रा लॉन उकरेल, हे एक. दुसरं म्हणजे त्यात मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) असतं, आणि तुमच्या गवताला हवंय नत्र (नायट्रोजन). शिवाय पुण्याची माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, चुनखडीची. हाडांतलं स्फुरद आम्ल मातीत विरघळतं, आपल्याकडे ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. कोकणातल्या बागेसाठी मी वेगळं उत्तर दिलं असतं.

तुमच्यासाठी माझी निवड स्पष्ट आहे : निंबोळी पेंड, आणि तिच्या जोडीला चाळलेलं गांडूळखत किंवा ओल्या कचऱ्याचं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. तुमच्या सोसायटीत असं खत तयार होत असेल तर ते आधी मागा.

आता प्रमाण. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४०० ग्रॅममधून लॉनला सुमारे १८४ ग्रॅम नत्र मिळत होतं. निंबोळी पेंडीत ते साधारण ४ टक्के असतं. तेवढंच नत्र द्यायचं तर साडेचार ते पाच किलो पेंड लागेल. गांडूळखतात दीड टक्का धरला तर १२ किलोच्या वर. बहुतेक घरी चूक होते ती इथेच. युरियाच्या सवयीने पेंडही मूठ-दोन मुठी पडते, महिन्याभरात काही दिसत नाही आणि ‘सेंद्रिय खताने काही होत नाही’ असा निकाल लागून युरियाचं पोतं परत येतं. कृपा करून तसं करू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. युरिया पाण्यात विरघळतो आणि आठवड्याभरात गवत गडद दिसतं. पेंडीतलं नत्र आधी जिवाणूंनी मोकळं करावं लागतं, आणि त्यांना ऊब आणि ओल दोन्ही लागतात. कोरड्या एप्रिलमध्ये पेंड टाकली तर ती नुसती पडून राहते. म्हणून पहिला हप्ता मृगाच्या सरी पडून वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की लगेच द्यायचा. दुसरा गणपती-नवरात्राच्या दरम्यान, पावसाचा जोर ओसरल्यावर. तिसरा होळीच्या सुमारास, थंडी सरली की. जुलैतल्या झडीत काही घालू नका, निम्मं गटारात जाईल. डिसेंबर-जानेवारीतही नको. पुण्यातली बरीच लॉन हरळीच्या कुळातली असतात, थंडीत ती वाढ आवरती घेतात आणि जरा तपकिरी दिसतात. तो त्यांचा स्वभाव आहे, उपासमार नव्हे.

पसरण्याची पद्धत अशी. गवत कापून घ्या. माती वाफशावर असताना बागेच्या फोर्कने किंवा टोकदार सळईने वीतभर अंतरावर भोकं पाडा. पाच किलो पेंडीची पूड आणि २० किलो चाळलेलं खत कोरडंच एकत्र करा. अर्धं उभ्या दिशेने पसरा, अर्धं आडव्या, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. मग उलट्या खराट्याने हलक्या हाताने झाडा, खत पात्यांखाली उतरलं पाहिजे. पात्यांची टोकं दिसत नसतील तर थर जास्त झाला. वरून भरपूर पाणी द्या, आणि वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस नात आणि कुत्रा दोघांनाही लांब ठेवा. पेंड घेताना त्यातली चमचाभर पेंड पाण्यात ढवळून पाहा. तळाला खूप माती-वाळू बसली तर दुकान बदला.

बावधनचं म्हणून एक सांगते. त्या टेकडीच्या उतारावर बांधकामं झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुरुमाच्या भरावावर चार बोटं माती टाकून लॉन अंथरलं गेलं. तुमच्याकडे एक लोखंडी सळई पाच-सहा ठिकाणी खुपसून पाहा. चार इंचांवरच ती अडत असेल तर खतापेक्षा माती वाढवण्याची गरज मोठी आहे. मग प्रत्येक हप्त्याला वर सांगितलेल्या खतात तेवढीच पोयटा माती मिसळा. दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसेल.

फिकटपणाचीही खात्री करून घ्या. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. नवीन पाती पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांच्या रेघा असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे सर्रास होतं, आणि कितीही पेंड घातली तरी हटत नाही. त्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट), एका लिटर पाण्याला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारा. हे खनिज आहे, सेंद्रिय नाही, पण इथे मला ते योग्य वाटतं. फरशीवर पडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत.

जीवामृताला माझा विरोध नाही. त्यातून जिवाणू मिळतात, नत्र मात्र फार थोडं. २०० लिटरची नेहमीची कृती एका एकरासाठी असते. तुमच्या लॉनला बादलीभर पुष्कळ, तेही पेंड घातल्यानंतर. माळीबुवांना एवढं सांगा की जीवामृत जेवणाची जागा घेत नाही. आणि गवत कापल्यावर बारीक तुकडे गोळा करून फेकायला लावू नका, जागीच जिरू द्या. त्यात नत्र असतं, तेही फुकट. फक्त एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, म्हणजे थर साचत नाही.

टेम्पोभर शेणखताबद्दल पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

प्रश्न : गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास आमच्या लॉनचे मोठे तुकडे सुकले आणि हाताने ओढले तर सतरंजीसारखे उचलले गेले. त्याआधी उन्हाळ्यात ताजं शेणखत घातलं होतं. खत कमी पडलं का?
– एक वाचक भगिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : खत कमी पडलेलं नाही, ताई. गवताला मुळंच उरली नव्हती. हे काम हुमणीचं, म्हणजे जमिनीतल्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळीचं. तिला अर्धवट कुजलेलं शेण फार मानवतं. त्याच शेणातून लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजर गवताचं बीही येतं. हे गाजर गवत भारतात १९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं. शेणखत वर्षभर कुजलेलं, काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं असेल तरच घ्या.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या जोरदार पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. चार संध्याकाळी शेजारच्यांनाही बरोबर घ्या, कारण भुंगेरे कुंपण मानत नाहीत. पाऊस लागल्यावर मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून ओल्या लॉनवर पसरा. ती अळीच्या अंगावर वाढून तिला मारते. ऑगस्टच्या सुरुवातीला फूटभर लांब-रुंद तुकडा चार इंच खोल उचकटून अळ्या मोजा. एखाद-दुसरी असेल तर सोडून द्या. पाच-सहाच्या वर निघाल्या तर मेटारायझियमचा आणखी एक हप्ता द्या.