जास्वंदीवरचं लांब मिशांचं हिरवं पिल्लू

खानापूरच्या ताईंनी विचारलंय की जास्वंदीच्या कळीवर नखाएवढं हिरवं, बिनपंखांचं पिल्लू बसतंय, ते कशाचं, आणि औषध मारू का. ताई, औषध अजिबात नको, एकदोन पिल्लांनी जास्वंद मरत नाही.

हे कॅटिडिडचं, म्हणजे टोळ-रातकिड्यांच्या नात्यातल्या लांब मिशांच्या किड्याचं, पिल्लू आहे. आपल्याकडे हिरवं काही उडालं की नाकतोडा म्हणून मोकळे होतात, पण तुमच्या फोटोत मिशा बघा की, अंगापेक्षा लांब, केसासारख्या बारीक. टोळाच्या पिल्लाच्या मिशा आखूड आणि जाड असतात. रातकिड्यालाही लांब मिशा असतात, तिथं घोटाळा झाला तर पाऊल बघायचं, मोबाइलला मॅक्रो लेन्स लावली की कॅटिडिडच्या पावलाला चार पेरं दिसतात, रातकिड्याला तीनच. पंख नाहीत म्हणून गोंधळू नका, यांच्यात कोष नसतो, कात टाकत टाकत वाढतात आणि पाठीवर पंखांचे कोंब हळूहळू मोठे होतात.

आता नेमकी जात मात्र पिल्लावरून सांगणार नाही, मोठं झाल्यावर रंगरूप पार बदलतं. आणि जास्वंदीवर सापडलं म्हणजे जास्वंदच खातं असंही लिहून टाकू नका. मी जांबोटीच्या वाटेवर घाणेरीवर पिल्लं बघून वहीत खाद्य घाणेरी लिहिलं होतं, नंतर रात्री टॉर्च घेऊन बसलो तर घाणेरीवर नुसतं बसणं, खाणं सगळं शेजारच्या वेलीच्या कोवळ्या पानांवर! काही पिल्लं फुलात तोंड खुपसून पाकळ्या नि पराग खातात, भाताच्या बांधावरची टोकदार डोक्याची गवताचं बी खातात, बारीक किडेही सोडत नाहीत.

पाळून बघा. बरणी उंच घ्या, तोंडाला मलमल बांधा, आत काडी उभी ठेवा, कारण कात टाकताना ते उलटं लटकतं. माझी बरणी बुटकी होती, एकाचा मागचा पाय कातीत अडकून कायमचा वाकडा राहिला, अजून वाईट वाटतं. टाकलेली कात ते स्वतःच खातं, ते नॉर्मल आहे. मादी असेल तर पुढं शेपटीला विळ्यासारखं किंवा तलवारीसारखं पातं येईल, तो डंख नाही, अंडी घालायची नळी आहे.

आज रात्री बरणीत जास्वंदीची एक डहाळी आणि तिच्या शेजारी जे झाड असेल त्याची एक ठेवा, सकाळी कुठल्या पानाची कड कुरतडलीय ते बघा आणि त्या पानासकट फोटो टाका.