माझी पाठ वळली की सगळे मोकाट!

"मी समोर असले की सगळं सुरळीत. पाठ वळली की सगळे मोकाट." समुपदेशक म्हणून हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा माझा क्वचितच जातो. कधी आई बोलते, कधी शिक्षक, कधी ऑफिसातले साहेब. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: वचक आणखी कसा बसवायचा?

अशाच एका बाईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. नोकरीत विभागप्रमुख, घरी नवरा आणि दोन मुलं, थोरला सोळा वर्षांचा. रात्री साडेनऊला मोबाइल बाहेरच्या खोलीत, उलट उत्तर द्यायचं नाही, खोली आवरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असे घरात पुष्कळ नियम होते. बाई कामासाठी परगावी गेल्या की त्यातला एकही उरत नसे. मोबाइल पहाटेपर्यंत चाले आणि नवराही मुलांना सामील.

"मी स्वतः सगळं पाळते हो, मग यांनाच काय होतं?" त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. दुसऱ्यांना शिस्त लावणारे आणि स्वतः ढिले असणारे पालक मला सोपे जातात, आरसा दाखवला की निम्मं काम होतं. या बाई मात्र रोज पहाटे पाचला उठत, फिरायला जात, रात्री दिवसभराचा हिशेब लिहीत. बोट ठेवायला जागा नव्हती.

सुरुवातीला त्यांना मी एक जुना प्रयोग सांगितला. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर तो केला आणि 1939 मध्ये प्रसिद्ध केला. काही गटांत प्रमुख फक्त हुकूम सोडी, काहींत तो मुलांशी बोलून कामं ठरवी, तर काहींत सगळंच मुलांवर सोडून देई. प्रमुख खोलीबाहेर गेला की हुकमावर चालणाऱ्या गटांचं काम ढेपाळे. मिळून ठरवणाऱ्यांचं मात्र जवळजवळ तसंच चालू राही.

"म्हणजे मी हुकूमशहा?"

"तुम्ही खोलीत असता तेव्हा काम होतं, एवढंच म्हणतेय."

त्यांना ते आवडलं नाही. तरी त्या येत राहिल्या, याचं श्रेय मी त्यांच्या शिस्तीलाच देते!

एके दिवशी मी विचारलं, "तुमचा स्वतःचा नियम मोडला तर काय होतं?"

"मोडत नाही."

"कधीतरी ताप आला असेल."

"आला होता. उठता आलं नाही. दिवसभर स्वतःला बोल लावले. बरं वाटल्यावर आठवडाभर चारला उठले."

"शिक्षा म्हणून?"

"...हो."

मग मी जो प्रश्न विचारला, त्यावर मी आजही खूश आहे. "तुमच्या आत बसून तुमच्यावर नजर ठेवणारी ती जी कुणी आहे, ती चार दिवस परगावी गेली तर तुम्ही पाचला उठाल?"

त्या आधी हसल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "नाही उठणार," त्या म्हणाल्या. "लोळत पडेन. मुलांसारखीच." डोळे भरून आले होते.

इथे मलाही काहीतरी उमगलं. तोवर आम्ही दोघी त्यांच्या वागण्याला आत्मसंयम समजत होतो. खरं तर आत एक पहारेकरी होता आणि बाई त्याच्या धाकात होत्या. ज्या छडीवर स्वतःला चालवत होत्या, तीच छडी घरावर चालत होती.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. घटनेपेक्षा घटनेबद्दलचं आपलं मत आपल्याला जास्त छळतं, हे एपिक्टेटस या एकेकाळी गुलाम असलेल्या तत्त्वज्ञाचं म्हणणं एलिस यांनी 1955 पासून उपचारात आणलं. मुलगा दोन वाजेपर्यंत जागला, ही झाली घटना. 'त्याने माझं ऐकलंच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून नालायक', हा निवाडा. ऐकावं अशी इच्छा जरूर असावी. तिचा हट्ट झाला की आवाज चढतो आणि मुलं चोरून वागायला शिकतात.

म्हणून पहिला बदल मुलांचा नव्हताच. एका सुट्टीच्या दिवशी बाईंनी मुद्दाम उशिरा उठायचं, शिक्षा नाही, भरपाई नाही. मग पाहायचं, हा नियम मला अजून हवा आहे का? पहाटेचं फिरणं त्यांना मनापासून हवं होतं, ते राहिलं. रात्रीचा हिशेब सुटला. त्यानंतर घरचे नियम सगळ्यांनी मिळून तपासले. 'मी म्हणते म्हणून' याखेरीज ज्याला कारण सापडलं नाही, तो नियम गेला. मोबाइलचा टिकला. वेळ मात्र मुलाने साडेदहा ठरवली आणि ती चुकली तर काय, हेही त्यानेच. पुढच्या दौऱ्यात काही रात्री त्याने ती पाळली, काही रात्री नाही. ते त्याने स्वतःहून सांगितलं. बाई नाराज होत्या, मी नव्हते.

"अशाने मुलं डोक्यावर बसणार नाहीत का?" असं बरेच जण विचारतात. सगळं मोकळं सोडलं तर बसतीलच. लेविन यांच्या प्रयोगात सर्वस्वी मोकळ्या सोडलेल्या गटांचं कामही कमी आणि कच्चं होतं. लहान मुलांच्या बाबतीत आग, वीज, रस्ता यांवर चर्चा नकोच, तिथे मोठ्यांचा शब्द अखेरचा. बाकी नियमांचं कारण मुलांना कळायला हवं आणि ते ठरवताना त्यांचंही ऐकलं जायला हवं.

ऑफिसात मात्र अजून वचकच चालतो, असं बाई हसत सांगतात. तो विषय आम्ही पुढच्या महिन्यात घेणार आहोत.