यंत्र नंतर, तपासणी आधी

वाचकांचे प्रश्न : घरातील पिण्याचे पाणी

प्रश्न : आम्ही लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. घरात पाच माणसे आहेत. नळाला आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येते, एरवी अंगणातल्या बोअरवर भागते आणि एप्रिल-मे महिन्यांत बोअर आटला की टँकर मागवावा लागतो. मध्यंतरी एक विक्रेते घरी आले होते. त्यांनी बोअरच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवताच पाणी तांबूस-काळे झाले. त्यांच्या यंत्राचे पाणी मात्र तसेच स्वच्छ राहिले. त्यांच्या मीटरवर बोअरच्या पाण्याचा टीडीएस ११४० आणि नळाच्या साठवलेल्या पाण्याचा ३१० आला. क्षार गाळून काढणारे ते आरओ यंत्र घ्यावे, असा मुलाचा आग्रह आहे. सासूबाई म्हणतात की सगळी गल्ली जारचे पाणी पिते, आपणही तेच लावू. आम्ही काय करावे?

उत्तर : आधी त्या कांड्यांविषयी सांगतो, कारण आपल्या घरातली भीती तिथूनच सुरू झालेली दिसते. त्या कांड्यांपैकी एक सहसा लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज आपल्याला घाण म्हणून दाखवला जातो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीजच वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. पुन्हा कोणी असा प्रयोग करायला आले, तर त्यांच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कांड्या बुडवायला सांगावे. तेही तांबूस होईल. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे या प्रयोगातून मुळीच कळत नाही.

मीटरचे आकडे खरे असू शकतात, पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा अंदाज, इतकेच. ते पदार्थ कोणते आहेत हे मीटरला कळत नाही आणि जंतू तर त्याला दिसतही नाहीत. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस ३१० असू शकतो आणि निर्धोक विहिरीचा ९०० असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस इष्ट मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा आहे. म्हणजे आपल्या बोअरचे पाणी विष नव्हे. ते सवळ लागत असेल, त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नसेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील. ही गैरसोय खरी आहे. मात्र क्षारांच्या पाण्यानेच मुतखडा होतो ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत त्या मानाने कच्च्या पायावर उभी आहे. उन्हातान्हात कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे त्याहून मोठे कारण आहे.

आता मुख्य गोष्ट अशी की, आपल्या घरात तीन वेगवेगळी पाणी येतात आणि निवड यंत्रांमध्ये करण्याआधी या तिघांमध्ये करायची आहे. पाच माणसांना पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला साधारण २० लिटर पाणी लागते, असे धरू. दहा दिवसांचे २०० लिटर झाले. म्हणजे झाकणाचा आणि खाली तोटी बसवलेला एक २०० लिटरचा ड्रम नळ आल्यावर भरून ठेवला, तर क्षारांचा प्रश्न तिथेच संपतो आणि बोअरचे पाणी धुणी-भांडी, अंघोळ यांसाठी उरते. माझ्या मते बहुतेक घरांना एवढीच व्यवस्था पुरते, पण ड्रम विकायला कोणी दारात येत नाही.

यानंतर उरतो जंतूंचा प्रश्न, आणि तो क्षारांपेक्षा निकडीचा आहे. नळ आठ दिवस कोरडा असतो तेव्हा जलवाहिनीत दाब नसतो आणि शेजारून गटार जात असेल, तर गळक्या सांध्यांमधून ते पाणी आत झिरपते. म्हणून नळ सुटल्यावरचे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. नगरपालिका क्लोरीन घालते, परंतु साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो. त्यामुळे रोज लागेल तेवढे पाणी ड्रममधून काढून, गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे, अथवा आशाताईंकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गॅस परवडत नसेल आणि यंत्रच हवे असेल, तर कमी टीडीएसच्या पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) किंवा यूएफ (बारीक जाळीतून जंतू गाळणारे) यंत्र पुरते. यूव्हीला वीज लागते आणि पाणी नितळ असावे लागते, कारण गढूळपणाच्या आड जंतू त्या किरणांपासून लपतात. यूएफची जाळी विजेशिवाय चालते, पण क्षार काढत नाही. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीवरून भरले हे बहुधा ठाऊक नसते, त्यामुळे त्यात क्लोरीन घातल्यावाचून ते पिऊ नये. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून नितळू द्यावे.

आरओ वाईट नाही. नळ नाहीच, केवळ बोअर आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात फ्लोराईड, नायट्रेट किंवा अति क्षार आले, तर घरगुती पातळीवर त्याच्याइतका सोयीचा उपाय सहसा मिळत नाही. पण घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडते. रोजच्या २० लिटरसाठी ४० ते ६० लिटर पाणी मोरीत जाणार. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात राहून हा हिशेब नजरेआड करता येत नाही. यंत्र घेतलेच, तर ते सांडपाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरावे. झाडांना सतत घातल्यास माती खारावते. शिवाय ३१० टीडीएसच्या पाण्याला आरओ लावल्यास त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही निघून जाते आणि पाणी बेचव लागते ते वेगळेच.

सासूबाईंच्या जारविषयी एकच विचारावे : त्या प्लांटकडे परवाना आणि अलीकडचा तपासणी अहवाल आहे का? सील नसलेल्या थंड जारातले पाणी कुठून आले, जार कशाने धुतला, हे गल्लीतल्या कोणालाच माहीत नसते. थंडगार पाण्याची चव कळत नाही, म्हणून ते गोड वाटते.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी. रासायनिक तपासणीसाठी बोअर पाच-दहा मिनिटे चालवून, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. क्षार उन्हाळ्यात सर्वाधिक असतात आणि जंतू पहिल्या पावसानंतर, म्हणून तपासणी वर्षातून दोनदा व्हावी. अहवालात सर्वांत आधी नायट्रेट पाहावे. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात सवलत नाही. खताचे आणि शेणामुताचे पाणी मुरलेल्या विहिरींत ते वाढते आणि त्या पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ह्या बाळाचे अंग निळे पडण्याचा धोका असतो.

प्रश्न : आमचे गाव नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात आहे. आमच्या हापशाचे पाणी गोड आहे, डाळ छान शिजते. तरी वस्तीतल्या अनेक मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. आम्ही पाणी उकळून देऊ लागलो आहोत. त्याने पट्टे जातील का?

उत्तर : नाही, आणि उकळणे याबाबतीत उलट काम करते. वाफेने पाणी कमी होते, फ्लोराईड मात्र तेवढाच राहतो. तपकिरी पट्ट्यांना इतरही कारणे असू शकतात, पण अनेक मुलांना ते असतील, तर फ्लोराईडचा संशय सर्वांत आधी घ्यावा. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा असला, तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागतो आणि त्यातल्या खनिजांमधून भूजलात फ्लोराईड उतरतो. आपल्या पाण्याचा गोडवा इथे फसवा ठरू शकतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराईड त्याच्याशी जोडला जाऊन खाली बसतो. मृदू पाण्यात तो विरघळलेलाच राहतो. म्हणजे ज्या पाण्यात डाळ छान शिजते, त्यातच तो अधिक असण्याची शक्यता असते.

मानकात फ्लोराईडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५. हापशाचा अहवाल त्यापुढे गेला, तर ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद करून वापरायला ठेवावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून गावातल्या उथळ आडाचेही पाणी तपासून घ्यावे. खोल बोअरपेक्षा आडात फ्लोराईड पुष्कळदा कमी सापडतो, मात्र त्यात जंतू असणार हे धरून क्लोरीन घालावा. पागोळ्यांचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, साठवता आले तर फारच उत्तम, कारण त्यात फ्लोराईड जवळजवळ नसतो. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, पण तिची मात्रा पाण्याच्या अहवालावरून ठरवावी लागते, त्यामुळे ती अंदाजाने घरी करू नये. आलेले पट्टे पाण्याने जाणार नाहीत. दात घडण्याचे वय साधारण आठ वर्षांपर्यंतचे असते, म्हणून वस्तीतल्या लहानग्यांचे पाणी आधी बदलावे, मोठ्यांचे नंतर. मोठ्यांनाही वर्षानुवर्षे असे पाणी पिऊन सांधे आणि कणा आखडण्याचा त्रास होऊ शकतो.

प्रश्न : तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी शुद्ध होते का?

उत्तर : तांब्याच्या संपर्काने अनेक जंतू मरतात, ही जुनी समजूत प्रयोगांतही टिकली आहे. पण कळशी आतून चिंचेने घासलेली हवी आणि पाणी नितळ हवे. क्षार, नायट्रेट वा फ्लोराईड तांब्याने कमी होत नाही. त्या कळशीत ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवू नये, आणि पाणी काढायला हात न बुडवता लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.