मेलबर्नला नऊ दिवस: आधी तो पेढ्यांचा डबा बॅगेतून काढा

ऑक्टोबरअखेर नऊ दिवस ताईकडे मेलबर्नला, सोबत आई, बॅगेत आईच्या हातचे खव्याचे पेढे, आणि ट्रॅव्हल एजंट म्हणतो ‘काही होत नाही’. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. हेच वाक्य मी २०१८ साली आपल्या नाशकातच एका ऑफिसात, समोर चहा ठेवलेला असताना ऐकलं होतं.

व्हिसा, इन्शुरन्स तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

विमानात एक कार्ड भरायला देतात. त्यात दूध-दुधाचे पदार्थ, बिया, फळं, सुकामेवा वगैरे आहे का, असं विचारलेलं असतं. आमच्या एजंटानं कार्ड कसं भरायचं याचा नमुनाच लिहून दिला होता, सगळीकडे ‘नो’. रात्रभर कसारा घाट, मुंबई, मग सिंगापूर. डोळे मिटत होते. मी नमुना बघून टिक केली आणि सही ठोकली. बॅगेत दोन किलो पेढे, बर्फी आणि सासूबाईंनी कोंबलेली मेथीदाण्याची पुरचुंडी.

विमानतळावर बॅग उघडली गेली. आवाज कोणी चढवला नाही, तेच जास्त लागलं. भारतातून ऑस्ट्रेलियात दुधाची मिठाई नेता येत नाही, त्यांना गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाची धास्ती आहे. पेढे कचऱ्यात गेले, ते मी विसरलो असतो. पण दंड झाला तो खोट्या सहीचा. ‘यस’ लिहून दाखवलं असतं तर फार तर डबा ठेवून घेतला असता, दंड नाही. बाहेर भाऊजी दोन तास ताटकळत, पार्किंगचे पैसे वाढतायत, आणि आमची ही माझ्याशी घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आकडा सांगत नाही. परत आल्यावर त्या ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, ‘आम्ही लेखी कुठे दिलंय?’ नमुना त्याच्याच अक्षरात होता! असो. बीपी वाढतं.

दुसऱ्या खेपेला सीलबंद पापड आणि चहा पावडर नेली, ‘यस’ लिहिलं, पाकिटं उलटसुलट करून परत दिली. नियम बदलतात, म्हणून जाण्याआधी त्यांच्या सरकारी साइटवर बघाच. मी काही अधिकारी नाही. आईच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा.

खाण्याची काळजी मुळीच करू नका. मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात आपला सगळा किराणा मिळतो. पेढेच हवेत तर आईंना ताईच्या ओट्यावर करू द्या, दूध तिथलं झकास आहे. फक्त फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो.

आरामाबद्दल माझं मत जरा कडक आहे. त्यांचे सकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, त्यामुळे पहिले दोन दिवस कुठलंही आमंत्रण घेऊ नका. नातेवाईक प्रेमानं रोज एकाकडे जेवण ठरवतात. आम्ही सहा दिवसांत पाच घरी जेवलो आणि पाचही ठिकाणी पनीर. ताईला आत्ताच फोन करून सांगा, सगळ्यांना एकदाच बागेत बोलव. तिथल्या बऱ्याच बागांत फुकटचे विजेचे तवे असतात, बटण दाबलं की तापतात. आम्ही त्यावर वांग्याचे काप भाजले, आमच्या आई झाडाखाली आडव्या झाल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. टोपी मात्र न्या, ऊन नाशिकच्या मे महिन्यापेक्षा चावरं वाटलं मला.

भाजीबाजार बघायचा तर क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, पण सोमवारी आणि बुधवारी बंद असतं. आम्ही बुधवारीच गेलो होतो.