मिट रॉम्नी मॉर्मन होते म्हणून हरले का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रॉम्नी 2012 ची अध्यक्षपदाची निवडणूक मॉर्मन असल्यामुळे हरले का, आणि उमेदवार मॉर्मन आहे म्हटल्यावर अमेरिकन मतदाराच्या मनात नेमकं काय येतं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. नाही. धर्माची किंमत त्यांनी मोजली, पण ती ओबामांसमोर नाही, स्वतःच्याच पक्षात उमेदवारी मागताना. त्यातही जास्त करून 2008 साली.

दुसऱ्याचं उत्तर जरा लांबेल. मी टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो, म्हणजे रॉम्नींचा धर्म ज्यांना सगळ्यात जास्त खटकत होता त्यांच्याच शेजारात. तेव्हा मला मतदानाचा हक्क नव्हता, त्यामुळे निवांतपणे गंमत बघता आली. आपल्याला बाहेरून वाटतं की धार्मिक उमेदवाराला नाकं मुरडणारे असतील ते डावे, निधर्मी लोक. तेही होतेच, त्यांच्याकडे येतो. पण खरी तिडीक होती इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांची, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या हुकमी मतदाराची.

ही भाऊबंदकी आहे. ज्याच्या शेताला आपला बांध लागतच नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. हिंदू माणूस येशूला देवाचा एकुलता एक पुत्र मानत नाही, विषय संपला. मॉर्मन मात्र म्हणतो की आम्हीही ख्रिस्तीच. वर बायबलच्या जोडीला बुक ऑफ मॉर्मन ठेवतो, पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचं त्रैक्य रूढ अर्थाने मानत नाही, आणि सॉल्ट लेक सिटीतल्या आपल्या चर्चच्या अध्यक्षाला आजच्या काळातला प्रेषित समजतो. जोसेफ स्मिथने 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं, तेच मुळी आधीची सगळी चर्चं वाट चुकली आहेत असं सांगत. बॅप्टिस्ट, म्हणजे इव्हँजेलिकलांमधल्याच एका मोठ्या पंथाच्या, माणसाला हे झोंबणारच.

2011 च्या शरद ऋतूत आमच्या ऑफिसातला एक बॅप्टिस्ट सहकारी जेवणाच्या टेबलावर म्हणाला होता, ‘‘माणूस चांगला आहे रे. पण तो व्हाइट हाउसमध्ये बसला, तर ती सायकलवरची पोरं दारात आल्यावर मी माझ्या मुलांना काय सांगू?’’ पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी लावून जोडीजोडीने फिरणारे मॉर्मन प्रचारक तुम्ही पाहिले असतील. स्वतः रॉम्नींनी साठच्या दशकात फ्रान्समध्ये तेच काम केलं होतं. माझ्या सहकाऱ्याला करांची, इराणची काळजी नव्हती. मॉर्मन राष्ट्राध्यक्ष झाला की त्या पंथाला प्रतिष्ठा मिळेल आणि आपल्या चर्चमधली माणसं तिकडे जातील, ही भीती होती. पाद्री मंडळी हेच जरा सभ्य भाषेत बोलत.

जरा सभ्य म्हणालो, पण प्रत्येक वेळी नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी वॉशिंग्टनच्या एका मेळाव्यात रॉम्नींचे प्रतिस्पर्धी, टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांची ओळख करून दिली आणि नंतर पत्रकारांसमोर मॉर्मन पंथाला सरळ ‘कल्ट’, म्हणजे भोंदू पंथ, म्हटलं. त्याआधी, डिसेंबर 2007 मध्ये, 2008 च्या उमेदवारीसाठी रॉम्नींशी लढणाऱ्या माइक हकबींनी एका मुलाखतीत अगदी भोळेपणाचा आव आणून विचारलं होतं की येशू आणि सैतान भाऊ आहेत असं मॉर्मन मानतात ना? पुढे त्यांनी रॉम्नींची माफी मागितली, पण बाण सुटला होता. तेव्हा हकबींच्या आयोवातल्या जाहिरातीत ‘ख्रिस्ती नेता’ असे शब्द झळकत होते. कोणाला उद्देशून ते सांगायची गरज नव्हती. 3 जानेवारी 2008 ला आयोवात, म्हणजे उमेदवारीच्या पहिल्याच लढतीत, हकबी जिंकले. पाण्यासारखा पैसा ओतूनही रॉम्नी दुसरे आले.

त्या दरम्यान, 6 डिसेंबर 2007 ला, टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन इथे रॉम्नींनी धर्मावर भाषण केलं. सगळ्यांनी त्याची तुलना केनेडींच्या 1960 च्या ह्यूस्टनमधल्या भाषणाशी केली. मला ती तुलना फसवी वाटते. केनेडी कॅथलिक होते, समोर प्रोटेस्टंट पाद्री बसले होते, आणि त्यांनी सांगितलं की माझा धर्म ही माझी खासगी बाब आहे. रॉम्नींना तसं म्हणायची सोयच नव्हती. त्यांच्या मतदाराला धर्म खासगी ठेवणारा राष्ट्राध्यक्ष नकोच होता. त्याला धार्मिकच हवा होता, फक्त आपल्यातला. त्यामुळे रॉम्नींना एकाच दमात सांगावं लागलं की माझी श्रद्धा मला फार मोलाची आहे आणि माझ्या चर्चचे अधिकारी माझ्या निर्णयांत ढवळाढवळ करणार नाहीत. त्या अख्ख्या भाषणात ‘मॉर्मन’ हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला.

त्यांच्या वडिलांची गोष्ट इथे आठवायला हवी. जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर, तेही मॉर्मन, मेक्सिकोतल्या मॉर्मन वसाहतीत जन्मलेले. 1968 च्या निवडणुकीसाठी ते उभे राहिले तेव्हा धर्मावरून फारसं कोणी बोललं नाही. व्हिएतनामबाबत सेनाधिकाऱ्यांनी आपलं ‘ब्रेनवॉशिंग’ केलं असं ते बोलून गेले, आणि त्या एका वाक्यात त्यांचं घोडं बसलं. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या 1967 च्या पाहणीत 17 टक्के लोकांनी सांगितलं होतं की आपल्या पक्षाचा लायक उमेदवार मॉर्मन असेल तर मत देणार नाही. जून 2011 मध्ये तोच आकडा 22 होता. कृष्णवर्णीय, कॅथलिक, ज्यू उमेदवारांबद्दलचा विरोध या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कितीतरी ओसरला. इथे तो ओसरला नाही. माझ्या मते कारण असं की जॉर्ज यांच्या वेळी इव्हँजेलिकल मतदार ‘गठ्ठा’ म्हणून राजकारणात उतरलेलाच नव्हता. त्याला एकत्र आणणाऱ्या मॉरल मेजॉरिटीसारख्या संघटना 1979 च्या पुढच्या. बापाने जो अडथळा पाहिलाच नाही तो मुलाच्या वाट्याला आला.

आता डावीकडे. त्याच 2011 च्या पाहणीत मत देणार नाही म्हणणारे रिपब्लिकन 18 टक्के होते आणि डेमोक्रॅट 27. त्यांना त्रैक्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा राग वेगळा: 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य मिळत नव्हतं, आणि 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या प्रस्तावासाठी मॉर्मनांनी भरपूर पैसा आणि माणसं पुरवली होती. पण ही मतं तशीही रॉम्नींची नव्हतीच, म्हणून त्यांचा तोटा हिशेबात धरता येत नाही. शिवाय सिनेटमधले तेव्हाचे डेमोक्रॅट नेते हॅरी रीड स्वतः मॉर्मन. त्यांच्या धर्माची आठवण कोणाला फारशी होत नसे.

मला विचाराल तर रॉम्नींचं खरं नुकसान दुसरंच झालं. धर्म लपवायच्या नादात त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात माणुसकीचा भाग झाकला गेला. बॉस्टनजवळ ते बरीच वर्षं आपल्या चर्चमध्ये बिनपगारी धर्माधिकारी होते. ऑगस्ट 2012 मध्ये टॅम्पाच्या पक्ष अधिवेशनात एका वृद्ध जोडप्याने सांगितलं की त्यांचा 14 वर्षांचा मुलगा कर्करोगाने मरणपंथाला लागला असताना रॉम्नी वारंवार त्याला भेटायला येत. मुलाला कळलं की हे कायदा शिकलेत, तर तो म्हणाला, मला मृत्युपत्र करायचंय. पुढच्या भेटीला रॉम्नी वकिलांचं पिवळं पॅड घेऊन हजर. स्केटबोर्ड, मासेमारीचं सामान मित्रांना, बंदूक भावाला, असं सगळं त्या पोराने लिहवून घेतलं. ऐकताना सभागृहात लोक डोळे पुसत होते. पण त्या रात्रीची बातमी झाली ती मंचावर रिकाम्या खुर्चीशी बोलणाऱ्या अभिनेता क्लिंट ईस्टवुडची. देशाला दिसलेला रॉम्नी होता कंपन्या विकत घेणारा, 47 टक्के जनतेला ऐतखाऊ समजणारा श्रीमंत माणूस. पराभवाची कारणं तिथे शोधा, मंदिरात नको.

कारण नोव्हेंबर आला तोवर इव्हँजेलिकल मंडळी निमूट रांगेत उभी होती. जेफ्रेस यांनी एप्रिलमध्येच पाठिंबा दिला होता. ऑक्टोबरमध्ये रॉम्नी नामवंत इव्हँजेलिकल धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांना भेटून आले, आणि ग्रॅहम यांच्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरच्या ‘कल्ट’च्या यादीतून मॉर्मन पंथाचं नाव काढून टाकलं. एक्झिट पोलनुसार गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे 78 टक्क्यांनी रॉम्नींना मत दिलं. 2008 मध्ये पक्षाचे उमेदवार मॅकेन यांना 74 टक्क्यांच्या आसपास मिळालं होतं. माझ्या त्या सहकाऱ्याच्या अंगणातही रॉम्नींची पाटी लागली. मी छेडलं तर म्हणाला, ‘‘पाद्री नाही निवडत आहोत.’’ वर्षभरापूर्वी हे सुचलं नव्हतं.

अर्थात हे सगळं ओबामांकडे बघून. पक्षाचा रंग गडद झाला की धर्माचा फिका पडतो, निदान निवडणुकीपुरता. प्राथमिक फेरीत मात्र सगळे उमेदवार एकाच रंगाचे असतात, तेव्हा धर्म पुन्हा उठून दिसतो. 2023 मध्ये आयोवातल्या एका सभेत एका मतदाराने रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामींना त्यांच्या हिंदू असण्यावरून विचारलंच. संविधानाच्या सहाव्या कलमात सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई आहे. पण ती मनाई सरकारला आहे. मतदाराला मनात अट घालायला कोण अडवणार?

आणि रॉम्नींच्या धर्माच्या या गोष्टीची दुसरी बाजू 2020 ची आहे. तोवर रॉम्नी युटाचे सिनेटर झाले होते. 5 फेब्रुवारीला त्यांनी महाभियोगात ट्रम्प यांच्या विरोधात मत दिलं. कारण सांगितलं की मी देवाची शपथ घेतली आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी, राष्ट्रीय प्रार्थना समारंभात, ट्रम्प नाव न घेता म्हणाले की चुकीचं वागून वर धर्माची सबब सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. या वेळी त्रैक्याचा विषय कोणी काढला नाही.