वडिलांच्या जुन्या निकॉन लेन्स फुजीच्या जीएफएक्स ५०आरवर चालतील का?

चालतील, पण तिन्ही सारख्या नाही. तुम्ही लिहिलंय की कोकणातल्या घरात २८, ५० आणि १०५ मिमीच्या मॅन्युअल निकॉर (निकॉनच्याच लेन्स) पडून आहेत आणि ५०आर, म्हणजे फुजीचा मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा, सेकंडहँड मिळतोय. १०५ आहे ना? मग माझं मत: कॅमेरा घ्या.

लेन्स बसवणं अजिबात अवघड नाही. निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स जिथे बसते तिथून) फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, जीएफएक्समध्ये २६.७. मधले १९.८ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर, आत काचही नसते. अडचण आहे ती लेन्स प्रकाशाचं केवढं वर्तुळ पाडते याची. तुमच्या लेन्स ३६ × २४ मिमीच्या फिल्मसाठी, म्हणजे ४३ मिमी कर्णासाठी घडवलेल्या. हा सेन्सर ४३.८ × ३२.९, कर्ण जवळपास ५५. त्यामुळे २८चे कोपरे काळे येणार, ती विसरा. ५०चे कोपरे अंधारतात, पण फोटो चौरस कापला तर चालून जातं. १०५ मात्र बऱ्यापैकी पुरते, आणि इथे ३५ मिमी फिल्मवरच्या ८३ मिमीसारखा कोन देते. पोर्ट्रेटला आणखी काय हवं! कॅमेऱ्यात सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा ३५ मिमी मोड आहे, पण त्यात ५१ मेगापिक्सेलचे साधारण ३० उरतात. मग एवढा मोठा सेन्सर घेतला कशाला?

मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर शटर पडणारच नाही. या बॉडीत स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, म्हणून १०५ हातात धरून मी १/२५० सेकंदाच्या शटरवेगाखाली जात नाही. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका, डोळ्यावर झूम करून फोकस करा.

ॲडॅप्टर आला की आधी चंद्रावर नाहीतर दूरच्या टॉवरवर फोकस करून बघा. नळी किंचित लांब असेल तर अनंत, म्हणजे खूप दूरचं फोकस, गाठताच येत नाही. किंचित आखूड असेल तर रिंग अनंताच्या खुणेच्या थोडं आधीच थांबवावी लागते, एवढंच.

पुढेमागे आणखी एक लेन्स घ्यावीशी वाटली तर मामिया ६४५ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ८० मिमी एफ/१.९ शोधा. मुळात मोठ्या फिल्मसाठीची, त्यामुळे कोपऱ्यांची चिंताच नाही. याच्याऐवजी हासेलब्लाडचा एक्स१डी हा तसाच मोठ्या सेन्सरचा कॅमेरा कुणी सुचवला तर एक ध्यानात ठेवा: त्याचं शटर लेन्समध्ये असतं, बॉडीत नाही. परकी लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटरच वापरावं लागतं आणि हलणारी माणसं वाकडी येतात.

पण पैसे मोजण्याआधी १०५चं ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोकणातल्या कपाटात इतकी वर्षं राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी हमखास सापडते. कडेला चार तंतू असले तर फोटोत दिसतही नाहीत. मधोमध जाळं असेल तर आधी साफसफाईचा खर्च विचारा, मगच ॲडॅप्टर मागवा.