वैमानिक होऊ पाहणारी कन्या आणि विश्रामबागचे घर

आपण सांगलीत माध्यमिक शिक्षक आहात, निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत, भविष्य निर्वाह निधीत 22 लाख रुपये आहेत आणि विश्रामबागेतील घरावर कर्ज नाही. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेल्या कन्येसाठी विमान कंपनीचा सव्वा कोटीचा कॅडेट अभ्यासक्रम (कंपनीने आपल्यासाठी नवे वैमानिक घडवण्याचा) निवडावा, की राज्यातील संस्थेत 55 लाखांत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घ्यावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. मात्र त्यातही पैसे टप्प्याटप्प्याने बाहेर पडले पाहिजेत. पहिला टप्पा वैद्यकीय तपासणीचा. आधी क्लास टू (प्राथमिक), मग क्लास वन (व्यावसायिक वैमानिकासाठीची अधिक कडक), आणि हे क्लास वन प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेकडे अनामत भरू नये. त्यानंतर हवाई दिशानिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय यांच्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा घरी राहून किंवा पुण्यात शिकवणी लावून देता येतात. हा खर्च काही लाखांत भागतो आणि मुलीचा कल व चिकाटी दोन्ही त्यात कळतात.

खरा पैसा जातो तो परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांच्या उड्डाणात. उड्डाण शिकवणारी संस्था बारामतीची असो वा गोंदियाची, माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा करारपत्र महत्त्वाचे: इंधन दरवाढीचा अधिभार, लँडिंग शुल्क, वसतिगृह, परीक्षक वैमानिकाचे शुल्क आणि नापास झाल्यास पुन्हा उडण्याचे तास त्यात धरले आहेत का, हे ओळ न् ओळ वाचावे. संपूर्ण रक्कम एकदम भरल्यास सवलत मिळते असे सांगितले जाते. ती सवलत नाकारावी. विमाने दुरुस्तीत अडकली, पावसाळा लांबला किंवा प्रशिक्षक सोडून गेले, तर आगाऊ भरलेले पैसे सोडवून घेणे महाकठीण होते. डीजीसीएने 2025 पासून संस्थांची क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती पाहावीच. पण उड्डाणयोग्य विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे तिथे दोन दिवस राहून स्वतः मोजावे.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. एअरबस किंवा बोइंगचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, वेगळे करावे लागते आणि त्याचा खर्च काही लाखांचा असल्याने तो आजच हिशेबात धरावा. घर तारण ठेवून साडेदहा टक्क्यांनी 40 लाख घेतले, तर नोकरी मिळेपर्यंत नुसते व्याजच दरमहा 35 हजार होईल, आणि दरम्यान सराव टिकवण्यासाठी उड्डाणाचा खर्च निराळा. जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले होते. वैमानिकांच्या तुटवड्याच्या बातम्या बहुतांशी कॅप्टनविषयी असतात, नवख्या सहवैमानिकाविषयी नव्हे.

कॅडेट अभ्यासक्रमात टाइप रेटिंगसह पुढचा मार्ग आखलेला असतो हे मान्य. तरी लेखी हमी नेमकी कशाची आणि कोणत्या अटींवर, हे वकिलाकडून वाचून घ्यावे. आपल्या मिळकतीवर सव्वा कोटी पेलणार नाहीत, हे मात्र मी स्पष्टपणे सांगतो.

भविष्य निर्वाह निधीतील 10 लाखांपेक्षा अधिक काढू नयेत. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावे घ्यावे आणि रक्कम झालेल्या तासांच्या प्रमाणात थेट संस्थेला वितरित व्हावी, अशी बँकेला लेखी विनंती करावी.